व्हार्निश वाळेपर्यंत

“पण मन शांत झालं, हे माणसाला कळतं कसं?”

कारखानिसांनी हा प्रश्न विचारला तेव्हा ते हॉलच्या उंबरठ्यावर बसले होते. धोंडबुवा समोर व्हरांड्याच्या पायरीवर, उन्हाकडे पाठ करून.

बुवांनी एका स्ट्रॉबेरीला मीठ लावलं. खाल्ली. देठ बाजूला ठेवला.

“तुमचं व्हार्निश वाळलं का?”

“वाळलं असावं.”

“असावं?”

…

कारखानिसांचा उजवा हात आपसूक मागे गेला. बोट हॉलच्या लाकडी जमिनीवर हलकेच टेकलं. उचलताना चिकटल्यासारखा बारीक आवाज झाला.

चकचकीत सागवानी फळीवर बोटाचा ठसा उमटला होता.

“नाही वाळलं,” कारखानीस म्हणाले, आणि पॉलिश पेपर आणायला उठले.

बुवांनी दुसरी स्ट्रॉबेरी घेतली.

रघुवीर कारखानीस सरकारी हिशेब तपासणी खात्यातून निवृत्त झाले होते. त्यांच्या हाताखालून एकही काम आक्षेपाशिवाय सुटलं नाही, असं त्यांच्या निरोप समारंभात सांगितलं गेलं. सांगणाऱ्याने ते कौतुकाने सांगितलं की सूड म्हणून, हे कळायला मार्ग नाही. कारखानिसांनी ते कौतुक धरलं, आणि त्याच भाषणातल्या चुका शेजारी बसलेल्याच्या कानात सांगितल्या.

निवृत्तीनंतर तपासायला सरकार उरलं नाही, तेव्हा ते अध्यात्माकडे वळले.

पहिल्या महाराजांना स्वतःच्याच प्रवचनात डुलकी लागली. दुसऱ्यांचं संस्कृत कच्चं निघालं. तिसरे बरे होते, पण त्यांच्याकडच्या प्रसादाच्या शिऱ्यात गुठळ्या होत्या, आणि ज्याला शिरा ढवळून घेता येत नाही तो संसारसागर काय ढवळून देणार, असं म्हणून कारखानीस तिथूनही उठले.

धोंडबुवा त्यांना वाईत कृष्णेच्या घाटावर भेटले. बुवा प्रवचन करत नसत, त्यामुळे त्यात चूक सापडेना. मठ नव्हता. शिरा तर नव्हताच. एक धोतर, एक कांबळं, आणि बसणं असं की एखादी जड वस्तू तिच्या जागी नीट ठेवावी. कारखानीस त्यांच्याकडे बराच वेळ बघत राहिले. आक्षेप काही निघाला नाही. उलट छातीत कुठेतरी हेवा वाटला, आणि तो वाटतोय हे ध्यानात आल्यावर ते आणखीच अस्वस्थ झाले.

“मला अनुग्रह द्या,” ते म्हणाले.

“देऊ की,” बुवा म्हणाले. “मी नर्मदेकडे निघालोय. त्याआधी पाचगणीला तुमच्या घरी येतो. बसू.”

एवढं सोपं उत्तर कारखानिसांच्या आयुष्यात कुठल्याही अर्जाला मिळालं नव्हतं. ते घरी आले आणि त्यांनी हॉलकडे पाहिलं.

पाचगणीचा तो टुमदार बंगला त्यांनी एका पारशी कुटुंबाकडून घेतलेला. हॉलची जमीन सागवानी फळ्यांची. पूर्वीच्या मालकांचा पियानो होता तिथे त्याच्या पायांचे खोलगट वण, त्यांच्या कुत्र्याच्या नखांचे ओरखडे, खिडकीखाली कुठल्याशा सांडलेल्या औषधाचा काळा डाग. इतकी वर्षं त्या जमिनीवर कारखानीस चालले, जेवले, वर्तमानपत्र वाचत झोपले. आता एकदम ती त्यांना दिसली.

“इथे बसून अनुग्रह घ्यायचा?” ते बायकोला म्हणाले.

“का?” कुमुदताई म्हणाल्या. “अनुग्रह जमीन घेणार आहे का?”

बुवा आले तेव्हा हॉलमधलं सामान मागच्या अंगणात निघालेलं होतं आणि कारखानीस गुडघ्यांवर बसून वर आलेले खिळे ठोकून आत बसवत होते.

“बुवा, जरा थांबावं लागेल. जमीन निर्दोष झाली की तिथेच बसू.”

“निर्दोष?”

“एक डाग राहणार नाही.”

बुवांनी वाकून हॉलमध्ये डोकावलं. कुत्र्याच्या नखांचे ओरखडे बघून त्यांना हसू आलं.

“बरं,” ते म्हणाले. “जमीन तुमची. तुम्ही म्हणाल तेव्हा बसू.”

आणि ते स्वयंपाकघरात, भिंतीच्या कडेला कांबळं अंथरून राहिले.

कारखानिसांनी आधी घासायचं मशीन भाड्याने आणलं. ते मशीन हॉलभर उधळलेल्या बैलासारखं धावलं आणि प्रत्येक फळीवर अर्धचंद्र काढून गेलं. कारखानिसांनी ते परत पाठवलं, सोबत तोंडी आक्षेपांची भली मोठी माळ. मशीनवाला म्हणाला, “साहेब, पुढच्या वेळी तुम्हीच मशीन व्हा.” आणि तसंच झालं. लाकडाच्या ठोकळ्याला पॉलिश पेपर गुंडाळून कारखानीस हाताने घासू लागले. आधी खरखरीत, मग मध्यम, मग बारीक. लाकडाच्या रेषेच्या दिशेने, आडवं कधी नाही. फळ्यांमधल्या भेगांत त्याच लाकडाचा भुसा सरसात कालवून भरला. पियानो गेला. कुत्रा गेला. औषध गेलं. घरभर लालसर धूळ बसली. चहात, मिठात, देवांच्या डोक्यावर.

काम चांगलं झालं होतं. हे म्हटलंच पाहिजे, कारण कारखानीस स्वतः ते म्हणणारे नव्हते.

मग व्हार्निशचा हात आला. तिथून खरी गोची सुरू झाली.

थंडीचे दिवस. पाचगणीच्या थंडीत व्हार्निश वाळता वाळत नाही. डब्यावर लिहिलं होतं, पूर्ण वाळेपर्यंत हात लावू नये. आता पूर्ण वाळलं हे हात लावल्याशिवाय कसं कळणार, हा कारखानिसांचा आक्षेप, आणि तो अगदीच गैरवाजवी नव्हता. म्हणून ते बोट लावून बघत. ठसा उठे. ठसा म्हणजे डाग. डाग म्हणजे घासणं. घासलेल्या जागी नवं व्हार्निश लावलं की ते ठिगळासारखं दिसे, म्हणून ती फळी. मग ती फळी बाकीच्या फळ्यांपेक्षा उजळ दिसे, म्हणून सगळी जमीन. सगळ्या जमिनीला व्हार्निश. मग ते वाळलं का हे बघायला बोट.

घराच्या मधोमध असलेला हॉल बंद झाल्याने बाकीच्या खोल्यांची एकमेकींशी ओळख तुटली. स्वयंपाकघरातून न्हाणीघरात जायचं तर बाहेरून, गुलाबांच्या वाफ्याला वळसा घालून.

“बाकीच्यांना देव मिळायला प्रदक्षिणा घालावी लागते,” कुमुदताई शाल डोक्यावरून घेत बुवांना म्हणाल्या, “मला तोंड धुवायला.”

त्या आणि बुवा स्वयंपाकघरात मटार सोलत बसले होते. हॉलमधून घासण्याचा आवाज येत होता. खर्र, खर्र. थांबे. पुन्हा खर्र.

“रात्री झोपतात का?” बुवांनी विचारलं.

“पडतात. मधेच उठून दार उघडून वास घेतात. वासावरून कळतं म्हणे, ओलं आहे का.”

“कळतं?”

“नाही. मग बोट लावतात.”

बुवांनी एक दाणा तोंडात टाकला.

“बुवा, तुम्हाला आज हे नवल वाटतंय. माझ्यावर तर यांनी उभा जन्म पॉलिश पेपर चालवलाय. भाजीत मीठ, बोलण्यात शब्द, साडीच्या निऱ्या. मुलगा तर येतच नाही आता. यायचा तेव्हा म्हणायचा, आई, मी बसलो तरी बाबा माझं बसणं दुरुस्त करतात.”

“मग?” बुवा म्हणाले. “चकाकी आली का तुम्हाला?”

“झिजले,” कुमुदताई म्हणाल्या, आणि दोघंही हसली.

खर्र थांबलं होतं. कारखानीस स्वयंपाकघराच्या बाहेरच्या दारात उभे होते, वळसा घालून आलेले, केसांत भुसा.

“मटारच्या टरफलांत दाणे चाललेत,” ते म्हणाले.

त्या संध्याकाळी बुवांनी कांबळं झटकलं, घडी घातली.

“उद्या सकाळच्या एसटीने निघतो.”

कारखानीस उभ्याचे बसले.

“उद्या? पण अनुग्रह?”

“जमीन झाली का?”

“उद्या सकाळी एक शेवटचा हात दिला की…”

“आजचा कितवा होता?”

“शेवटचाच होता. पण…” त्यांनी बोट वर करून दाखवलं. बोटाला व्हार्निश लागलेलं होतं.

…

“बुवा, मग परत येताना?”

“या वयात परत कोण येतं? घाट एकदा उतरलो की उतरलो.”

कारखानिसांनी वर केलेलं बोट मिटून घेतलं. मग खाली बघत म्हणाले, “बुवा, मला बसता येत नाही हो. पूजेला बसलो की मीच उठून माझ्या मागे उभा राहतो. बघतो, नीट बसलाय का. डोळे मिटलेत की मिटल्यासारखे केलेत. मंत्र मनापासून चाललाय की नुसताच. म्हातारा झालो, पण मी माझ्या पाठीमागून हललो नाही. तुम्ही काहीतरी करा. हे कुणालाच जमलं नाही. तुम्ही गेलात तर आता दुसरं कुणी शोधायचीही ताकद नाही माझ्यात.”

कुमुदताईंनी गॅस बारीक केला आणि भांड्यांकडे तोंड करून उभ्या राहिल्या.

“बसा,” बुवा म्हणाले. “इथेच बसा. हॉल कशाला पाहिजे? आत्ता देतो.”

कारखानीस मांडी घालून बसले. हात जोडले. डोळे मिटले.

आमटीची उकळी तेवढी ऐकू येत होती.

…

कारखानिसांनी एक डोळा उघडला. समोरच्या भिंतीवरचं कॅलेंडर थोडं कललेलं होतं.

“बुवा, एक क्षण,” ते म्हणाले, उठले, कॅलेंडर सरळ केलं. जरा मागे होऊन पाहिलं. पुन्हा सरळ केलं. मग वळले, आणि बुवांचा चेहरा बघून तिथेच उभे राहिले.

“नको,” ते स्वतःच म्हणाले. “असं नको. हॉलमध्येच. निर्दोष जागेवर बसलो तर कदाचित मीही…” त्यांनी हॉलच्या दाराकडे पाहिलं. “बुवा, सकाळच्याऐवजी परवा सकाळची एसटी धरा. एक दिवस द्या. मी बोट लावणार नाही.”

“मला कशाला वचन देता? बोटाला द्या.”

“म्हणजे थांबता?”

“थांबतो. बाईंनी उद्या मटारउसळ करायचं कबूल केलंय.”

दुसऱ्या दिवशी उजाडताच कारखानिसांनी जमीन बारीक पेपरने घासली, ओल्या फडक्याने पुसली, आणि खिडकीच्या कोपऱ्यातून सुरुवात करून व्हरांड्याच्या दारापर्यंत व्हार्निशचा हात दिला. ब्रश धुतला. मग उंबरठ्याच्या बाहेर पाट घेतला, त्यावर बसले, आणि दोन्ही तळवे मांड्यांखाली दाबून धरले.

सकाळ गेली.

कुमुदताई चहा घेऊन आल्या. हात बाहेर काढायचा नव्हता, म्हणून त्यांनीच कप नवऱ्याच्या तोंडाला लावला. लग्नानंतर असा प्रसंग आला नव्हता. चहात साखर जास्त होती. कारखानिसांना ते कळलं, पण त्यांचं सगळं लक्ष हॉलकडे होतं, त्यामुळे सांगायचं राहून गेलं. कुमुदताई कप हातात धरून जराशा वाट बघत थांबल्या. मग चकित होऊन परत गेल्या.

दुपारी एक माशी आली.

ती हॉलच्या मधोमध उतरली. कारखानीस पाटावरून पुढे झुकले. माशी चालली. थांबली. पुढचे पाय एकमेकांवर घासले. पुन्हा चालली आणि उडून गेली.

म्हणजे वाळलं. माशीचे पाय रुतले नाहीत.

पण माशीचं वजन ते काय? माशीला वाळलेलं आणि माणसाला वाळलेलं यात फरक असणार. पण उडताना ती अडखळली नाही. अडखळली का? नसावी. असावी. फक्त कडेला, अगदी उंबरठ्याशी, करंगळीचं नुसतं टोक…

उजवा तळवा मांडीखालून सुटला. कारखानिसांनी तो तिथल्या तिथे पुन्हा दाबला. कपाळावर घाम आला. पाचगणीत, थंडीत.

असं पुष्कळदा झालं. हात सुटे, हात दाबला जाई. पायाला मुंग्या आल्या, मग गेल्या. उन्हाची तिरीप जमिनीवरून सरकत होती, आणि ती जिथे जाई तिथे लाकडातल्या रेषा वर आल्यासारख्या दिसत. एका फळीत त्या नदीसारख्या वळल्या होत्या. इतके दिवस ही फळी घासली, पण ती वळणं त्यांनी पाहिली नव्हती. घासताना रेषेची दिशा तेवढी पाहिली होती.

कधीतरी मांड्यांखालचे हात सैल पडले. ते बाहेर आले आणि मांडीवर नुसते पडून राहिले. कारखानिसांना ते ध्यानात आलं नाही.

ऊन उतरलं. बुवा स्वयंपाकघरातून बाहेरचा वळसा घालून आले. मागून कुमुदताई, पदराला हात पुसत.

“झाली?” बुवांनी विचारलं.

कारखानिसांनी मान वर केली. मग पुन्हा जमिनीकडे पाहिलं, या कडेपासून त्या कडेपर्यंत. सांजेचा तिरपा उजेड होता. त्या उजेडात कुठलीही खोट लपत नाही, हे त्यांच्याइतकं कुणाला माहीत?

“झाली, बुवा,” ते हलक्या आवाजात म्हणाले. “आक्षेप नाही.”

कुमुदताईंनी नवऱ्याकडे असं पाहिलं, जणू कुणी परका माणूस बोलला.

“वाळली?”

“माहीत नाही.”

“बोट नाही लावलंत?”

“नाही.”

…

“बरं,” बुवा म्हणाले.

त्यांनी दाराची चौकट धरली, गुडघे कुरकुरत उंबरठ्यापाशी उकिडवे बसले, आत वाकले, आणि उजव्या हाताचा अंगठा हॉलच्या जमिनीवर टेकवला. घाई नाही, चोरी नाही. पेन्शनच्या कागदावर म्हातारी माणसं उठवतात तसा, दाबून, जरा फिरवून.

उचलला.

“ओलं आहे अजून,” ते म्हणाले.

“अगंबाई!” कुमुदताईंच्या तोंडून निघालं.

आरशासारख्या जमिनीवर अंगठा उमटला होता. त्यातली रेघन् रेघ मोजून घ्यावी इतका स्पष्ट.

कारखानिसांचा हात खिशात गेला. खिशात पॉलिश पेपरचा तुकडा असे. तो बाहेर आला. हात जमिनीच्या दिशेने निघाला आणि मधेच अधांतरी राहिला.

“काढा की,” बुवा म्हणाले. “डाग आहे.”

“नाही.”

“सकाळपर्यंत वेळ आहे. घासा, हात द्या, वाळू दे. निर्दोष जागेवर बसायचं ना?”

पॉलिश पेपरचा तुकडा कारखानिसांच्या बोटांतून सुटला आणि पाटाशेजारी पडला.

“डाग नाही हा, बुवा,” ते म्हणाले. त्यांचे डोळे भरून आले होते. “तुमचा अंगठा आहे. याला मी पेपर लावू? मला दुसरा अनुग्रह नको. हाच माझा अनुग्रह. यावर काच बसवीन. रोज फूल ठेवीन. यावर कुणाचा पाय पडू देणार नाही. हा डाग नाही…”

त्यांनी उंबरठ्यावर डोकं टेकलं. कुमुदताईंनी पदर तोंडाला लावला.

बुवांनी अंगठ्याचं व्हार्निश धोतराला पुसलं. मग कारखानिसांचा उजवा हात धरून त्यांना उठवलं. तो हात उताणा केला आणि उरल्यासुरल्या उजेडात धरला.

इतक्या दिवसांच्या घासण्याने बोटांची टोकं गुळगुळीत झाली होती. शंख नाही, चक्र नाही, एक रेघ नाही.

बुवांनी ती बोटं एकेक करून पाहिली. करंगळीसुद्धा सोडली नाही.

…

“आणि ह्या रेघांनी, कारखानीस,” त्यांनी विचारलं, “ह्यांनी तुमचं काय घोडं मारलं होतं?”